मुलाच्या तोंडी शिवी आली, तर शाळेने घरी कसे कळवावे?

(विहाराच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



समितीने मला 'मुलांची भाषा' हा विषय दिला आहे. विषय ऐकून काहीजणांना वाटले असेल, की आता गुरुजी तासभर सांगणार, शिव्या देऊ नका, वाईट बोलू नका. ते मी सांगणार नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे. चौथे शील आपण सगळेच म्हणतो. मला आज दुसरीच गोष्ट सांगायची आहे. मुलाच्या तोंडून शाळेत घाणेरडा शब्द निघतो, तो एका क्षणात निघून जातो. पण त्यानंतर शाळा घरी काय कळवते, कसे कळवते आणि घर ते कसे ऐकते, यावर त्या मुलाचे पुढे काय होणार हे ठरते. मी एकतीस वर्षे मास्तरकी केली. शिवीमुळे बिघडलेली मुले मी फार थोडी पाहिली. शिवीच्या तक्रारीमुळे शाळेपासून तुटलेली घरे मात्र बरीच पाहिली.

बंधू-भगिनींनो, शब्दाने काय होते हे आपल्या समाजाला कुणी शिकवायची गरज नाही. आपल्या आजा-पणजांची नावे काय होती? कचरू, धोंडू, दगडू. वाटेत कुणी भेटले तर वाकून जोहार घालायचा. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा दिली, आणि बघता बघता घराघरांत सिद्धार्थ, राहुल, सुजाता, गौतमी जन्माला आल्या. जोहार गेला, जयभीम रुजला. म्हणजे जिभेवरचा शब्द बदलला की मान ताठ होते, हे आपण अनुभवाने जाणतो. म्हणूनच आपल्या लेकराच्या तोंडची शिवी आपल्याला जिव्हारी लागते. आणि म्हणूनच, 'तुमच्या वस्तीत हेच शिकवतात का?' हा मास्तरांचा प्रश्न त्या शिवीपेक्षाही जास्त लागतो.

हा प्रश्न मी माझ्या कानांनी ऐकला आहे. शाळेचे नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. चौथीतल्या मुलाने वर्गात आईवरून शिवी दिली. आईला सकाळी ११ वाजता बोलावले. ती बाई चार घरची धुणीभांडी करणारी, दोन घरची कामे टाकून धावत आली. कार्यालयात कारकून, शिपाई आणि दुसऱ्या दोन मुलांचे पालक बसलेले. त्या सगळ्यांसमोर तिला हा प्रश्न विचारला गेला. मुलगा नेमके काय बोलला, कुणाला बोलला, का बोलला, हे कुणी सांगितले नाही आणि तिने विचारले नाही. विचारणार कशी? ती मान खाली घालून उभी होती. बाहेर आल्यावर तिने व्हरांड्यातच पोराला बदडले. त्यानंतर ती पालकसभेला आली नाही. पोरगा सुधारला का? नाही. त्याने एवढेच शिकला, की शिवी मास्तरांच्या कानावर जाता कामा नये.

आता शाळेची बाजूही ऐकून घ्या. साठ-साठ मुलांचे वर्ग सांभाळलेला माणूस म्हणून सांगतो, शाळेने गप्प बसणे हा उपाय नाही. पालकांना कळलेच पाहिजे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाचे कर्तव्यच सांगितले आहे, की पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात, मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता, प्रगती आणि मुलाविषयीची इतर महत्त्वाची माहिती त्यांना द्यावी. तेव्हा कळवायचे की नाही हा प्रश्न नाही. प्रश्न आहे कसे कळवायचे हा.

याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. विनयात एक नियम आहे. एका भिक्खूला दुसऱ्या भिक्खूचा दोष दाखवायचा असेल, तर आधी त्याची परवानगी घ्यावी आणि स्वतःच्या मनाशी पाच गोष्टी ठरवाव्यात. योग्य वेळी बोलेन, अवेळी नाही. खरे तेच बोलेन. मृदूपणे बोलेन, कठोरपणे नाही. हिताचे बोलेन. आणि मैत्रीचित्ताने बोलेन, मनात द्वेष ठेवून नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही पाच कलमे शाळेच्या कार्यालयाच्या भिंतीवर लावावीत अशी आहेत. एकेक घेऊ.

पहिली गोष्ट वेळेची. आपल्या बायाबापड्यांना सकाळी ११ ला बोलावले की खाडा पडतो, दिवसाची मजुरी जाते. एका शब्दासाठी एका घराची चूल विझवू नये. कामावरून सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी वेळ ठरवता येते. शिवाय प्रत्येक शब्दाला पालक कशाला? खेळताना चेंडू लागला आणि तोंडातून 'च्यायला' गेले, तर ते वर्गातच मास्तरांनी बघावे. तेच ते पुन्हा पुन्हा होऊ लागले, तेव्हा घरी सांगावे. पण कुणाला उद्देशून, कुणाला खाली पाडण्यासाठी शब्द वापरला असेल, तर त्याच दिवशी सांगावे. महिनाभर साठवून प्रगतिपुस्तकाच्या दिवशी गाठोडे सोडू नये.

दुसरी गोष्ट खरेपणाची. 'तुमचा मुलगा घाणेरडे बोलतो' हे वाक्य खरे नाही, कारण ते अर्धे आहे. घाणेरडे म्हणजे काय? एखाद्याला 'साला' म्हणणे, मुलीच्या अंगावरून बोलणे आणि जातीवरून बोलणे, या तिन्ही गोष्टी एका मापाने कशा मोजणार? पालकांना नेमका शब्द कळला पाहिजे. कधी, कुठे, कुणाला, आणि त्याच्या आधी काय झाले, हेही कळले पाहिजे. पुष्कळदा असे असते, की आधी कुणीतरी त्याला डिवचलेले असते आणि मास्तरांच्या कानावर फक्त उत्तर पडते.

इथे एक अडचण आहे, ती मोकळेपणाने बोलू. बहुतेक शिव्या आईवरून नाहीतर बहिणीवरून असतात. पुरुष मास्तरांनी तो शब्द एका आईसमोर कसा उच्चारायचा? आणि लाजेने नाही उच्चारला, तर तिला कळणार कसे? माझा अनुभव असा, की चिठ्ठीवर लिहून दाखवावा आणि चिठ्ठी तिथेच फाडून टाकावी. आईला वाचता येत नसेल तर बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगावे. मुलाच्या वहीत किंवा डायरीत मात्र तो शब्द लिहू नये. ती वही दप्तरातून जाते, वाटेत दहा पोरे वाचतात. आणि ज्या घरी आईबापांना वाचता येत नाही, तिथे ते मुलालाच वाचून दाखवावे लागते. ते काय वाचून दाखवणार, हे सांगायला नको!

खरेपणाची आणखी एक बाजू. आपल्या घरची बोली वेगळी असते. पोरगं 'पानी' म्हणतं, 'मपलं' म्हणतं, म्हातारीला 'ए म्हातारे' म्हणून हाक मारतं. ही बोली आहे, शिवी नव्हे. अशुद्ध म्हणजे अश्लील नव्हे. शाळेने या दोन गोष्टींची गल्लत केली, की मुलाला स्वतःच्या आईच्या भाषेचीच लाज वाटू लागते. तेव्हा पालकांनी नम्रपणे विचारावे, 'गुरुजी, शब्द कोणता, तेवढं सांगा.' तो तुमचा हक्क आहे.

तिसरी गोष्ट मृदूपणाची. तक्रार कृतीची असावी, घराची नसावी. चारचौघांत नसावी. हल्ली नवीन रोग आला आहे. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुलाचे नाव घालून लिहायचे. पन्नास-साठ घरांत एकाच वेळी बोभाटा! पूर्वी फाटकाजवळ ओरडत, ते निदान चार लोक ऐकत. आता तो मजकूर पुसला तरी लोकांच्या मोबाईलमध्ये राहतो. ज्याचे मूल त्यालाच सांगा, बंद खोलीत सांगा, बसायला खुर्ची देऊन सांगा. किती अवघड आहे हो? 'ताई, बसा. एक बोलायचं आहे, आत्ता वेळ आहे का? काल दुपारच्या सुट्टीत नळावर रांगेवरून भांडण झालं. तुमच्या मुलानं एका मुलीला हा शब्द वापरला. मी स्वतः ऐकला. आधी तिनं त्याला ढकललं होतं, तिलाही मी समजावलं आहे. अभ्यासात तो बरा आहे, गणित चांगलं आहे. हा शब्द त्याच्या कानावर कुठून आला असेल, तुम्हाला काही अंदाज आहे का?' एवढे बोलायला दोन मिनिटे लागत नाहीत. यात शब्द लपवला नाही आणि घरावर निकालही दिला नाही.

चौथी गोष्ट हिताची. सांगितले, पुढे काय? शाळा काय करणार, घरी काय करायचे, आणि पुन्हा कधी भेटायचे, हे ठरल्याशिवाय पालकांना उठू देऊ नये. दोन आठवड्यांनी मुलगा नीट वागत असेल तर तेही कळवावे. आपल्याकडे चूक तत्परतेने कळवतात, सुधारणा कळवायला कुणाला सवड नसते. मग पालकांच्या मनात शाळेचा निरोप म्हणजे वाईटच, असे पक्के बसते.

पाचवी गोष्ट मैत्रीची. ती बाकीच्या चारही गोष्टींच्या पोटात आहे. हे मूल माझेही आहे असे मास्तरांच्या मनात असेल, तर शब्द आपोआप बरे सुचतात.

आता दोन प्रकार असे आहेत, की तिथे नेहमीची रीत पुरत नाही.

पहिला प्रकार, जेव्हा शब्द जातीवरून, मुलीच्या शरीरावरून किंवा एखाद्या अपंग मुलाच्या व्यंगावरून असतो. इथे दोन घरांना कळवावे लागते. बोलणाऱ्याच्या घरी आणि ज्याला बोलले त्याच्याही घरी. दुसरे घर शाळा हमखास विसरते. आपल्या लेकराला कुणी जातीवरून हिणवले, तर 'पोरापोरांत चालायचंच' असे सांगून गोष्ट मिटवली जाते. मोठ्या माणसाने लोकांसमोर असा जातीवाचक अपमान केला, तर त्यासाठी १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. दहा वर्षांच्या मुलाला पोलिसांची भीती घालायची नाही, त्याला शिकवायचे आहे. पण त्यासाठी गोष्ट दडपायची नाही. असे झाले तर मुख्याध्यापकांना लेखी द्या, पोच घ्या, आणि शाळेने काय केले हे लेखी मागा. आणि आपले मूल दुसऱ्या कुणाला, मग तो कोणत्याही जातीधर्माचा असो, असे हिणवत असेल, तर आपण तितक्याच कडकपणे उभे राहिले पाहिजे. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसलेल्या भीमरावाच्या लेकरांनी दुसऱ्याला वेगळे बसवायचे नसते.

दुसरा प्रकार नाजूक आहे. सहा-सात वर्षांचे मूल जेव्हा त्याच्या वयाला ठाऊक नसावे असे काही बोलते, शरीरसंबंधाचे शब्द अर्थासकट वापरते, तेव्हा ती शिवी समजू नका. मुलाने मोबाईलवर काही पाहिले असेल, किंवा कुणीतरी त्याच्याशी वाईट वागले असेल. अशा वेळी ओरडले तर मूल कायमचे तोंड मिटून घेते. त्याला शांतपणे बोलू द्यावे. लहान मुलांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, ज्याला आपण पोक्सो म्हणतो, तो २०१२ चा आहे. मुलावर असा अत्याचार झाल्याचे कळले किंवा होईल अशी भीती वाटली, तर पोलिसांना कळवणे त्या कायद्याने बंधनकारक आहे, शाळेलाही आणि आपल्यालाही. १०९८ ही मुलांसाठीची मदतीची दूरध्वनी सेवा आहे, हा आकडा घरात लिहून ठेवा. आणि शाळेला एक विनंती, की असा संशय असताना घाईने वाटेल त्या नातेवाइकाला बोलावून सांगू नका. वाईट वागणारा घरातलाच असू शकतो.

भगिनींनो, आता आपल्या बाजूला येऊ. शाळेने नीट सांगितले, तरी आपण नीट ऐकतो का? आपल्याकडे दोनच रीती. एक म्हणजे 'माझं पोरगं असं बोलणारच नाही' म्हणून मास्तरांशी भांडायचे. दुसरी म्हणजे घरी नेऊन पट्ट्याने मारायचे. मारताना बाप जी शिवी देतो, ती पुष्कळदा पोराने शाळेत दिलेल्या शिवीच्या वरचढ असते! पोरगं मनात म्हणतं, हा शब्द वाईट नाही, फक्त मोठं झाल्यावर द्यायचा असतो.

तथागतांनी राहुलाला खोटे बोलण्याविषयी उपदेश केला, तो प्रसंग आठवा. राहुल राहत होता तिथे ते स्वतः गेले. राहुलाने पाय धुवायला पाणी दिले. तथागतांनी भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले आणि त्या पाण्यावरून, त्या रिकाम्या भांड्यावरून त्याला समजावले. बोलण्याआधी, बोलताना आणि बोलून झाल्यावर विचार कर, की यातून मला किंवा दुसऱ्याला दुःख होते का. छडी नाही, अपमान नाही, हाताशी असलेले भांडे पुरले. सम्राट अशोकाला हा उपदेश एवढा मोलाचा वाटला, की राजस्थानातील बैराटच्या शिलालेखात, भिक्खूंनी व उपासकांनी जे ग्रंथ पुन्हा पुन्हा ऐकावेत असे त्याने सांगितले, त्यांत याचे नाव आहे. आपल्या घरात भांडी काही कमी नाहीत. पोराजवळ बसायला तेवढी सवड काढली पाहिजे.

आणि सुरुवात मोठ्यांनी केली पाहिजे. अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावाने २०२४ साली ग्रामसभेत ठराव केला, की आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड. दंडाने माणूस सुधारतो का, यावर वाद होईल. पण त्या गावाने दोष पोरांवर ढकलला नाही, नियम सगळ्यांना लावला, हे मला मोलाचे वाटते.

आपले कॉलेजात जाणारे तरुण मला विचारतात, 'गुरुजी, मग नामदेव ढसाळांच्या "गोलपिठा"त काय आहे? त्या शिव्या नाहीत का?' प्रश्न रास्त आहे. १९७२ साली 'गोलपिठा' आला, तेव्हा पांढरपेशा मराठीने कधी न ऐकलेली भाषा त्यात होती. पण बाबांनो, ती भाषा ज्यांना चिरडले त्यांच्या बाजूने उभी होती, चिरडणाऱ्यांच्या अंगावर गेली होती. शाळेच्या नळावर एका पोरीला रडवण्यासाठी काढलेला शब्द कुणाच्या बाजूने असतो? शब्द तोच असला तरी तो कुणाच्या अंगावर जातो हे पाहावे लागते.

शेवटी कायद्याच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देता येत नाही, आणि कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंतचे शिक्षण पुरे होईपर्यंत शाळेतून काढून टाकता येत नाही. 'पुन्हा बोलला तर दाखला हातात देईन' या धमकीला घाबरू नका. दुसरे, सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात, आणि वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. या जागा आपण भरतो का? सभेचा कागद येतो, आपण सही करतो, जात नाही. शाळेने पालकांना कसे कळवावे याचा नियम करून घ्यायची जागा तीच आहे.

म्हणून या विहाराच्या वर्धापन वर्षात माझ्या तीन सूचना आहेत. एक, आपल्या वस्तीतील मुले ज्या शाळांत जातात, त्या प्रत्येक शाळेच्या समितीत आपली किमान एक माता गेली पाहिजे. दोन, महिला मंडळाने शिकलेल्या चार-पाच भगिनींची नावे ठरवावीत. शाळेने बोलावले आणि एखादी आई एकटी जायला घाबरत असेल, तर यांच्यापैकी एकीने सोबत जावे, भांडायला नव्हे, ऐकायला आणि विचारायला. तीन, मुख्याध्यापकांना भेटून एवढेच मागावे, की आमच्या मुलांच्या चुका आम्हाला जरूर सांगा, नेमक्या सांगा, पण एकट्याला सांगा, बसवून सांगा, आणि आमची मुले सुधारली की तेही सांगा.

असे झाले, तर शाळेचा निरोप आल्यावर आपल्या आयाबहिणी मान खाली घालून नव्हे, तर लेकराचा हात धरून शाळेची पायरी चढतील. बाबासाहेबांनी शाळेचे दार आपल्यासाठी उघडून घेतले आहे. एका शिवीपायी ते कुणाच्याही लेकराला बंद होता कामा नये.



सर्वांचे मंगल होवो. जयभीम! नमो बुद्धाय!